‘आत्मा’ला लाल गोल: पुनर्जन्माच्या कल्पना वाचायची माझी रीत

मुद्रितशोधन हा माझा धंदा. सहा वर्षांपूर्वी जगातल्या धर्मांची ओळख करून देणारं एक अनुवादित पुस्तक माझ्या हातून गेलं. छापून झाल्यावर महिन्याभरात एका वाचकाचं चार ओळींचं पत्र आलं. अमुक पानावर ‘बुद्धांच्या मते आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो’ असं वाक्य आहे, हे तुमच्याकडे कुणी वाचलं नव्हतं का, एवढंच त्यात विचारलं होतं. मी जुनी मुद्रितं काढली. वाचलं होतं ना! त्याच ओळीत ‘देहातुन’ पडलं होतं, ते मी लाल शाईने दीर्घ करून दिलं होतं आणि समासात ठसठशीत खूण केली होती. वाक्य काय म्हणतंय, याच्याशी मात्र मला काही देणंघेणं नव्हतं.

त्या दिवशी मी एक वही घातली. पुनर्जन्माबद्दल जे काही वाचनात येईल ते तिच्यात एका ठरावीक रीतीने उतरवायचं. ही रीत कुणालाही जमेल. संस्कृत-पाली यायलाच हवी असं नाही. बरी भाषांतरं हवीत, आणि थोडा चिवटपणा. एक गोष्ट आधीच सांगते: पुनर्जन्म खरा की खोटा, याला या वहीत जागा नाही. तो वाद घालायला तुम्हाला माझी गरज नाही.

वही आडवी धरा

समोरासमोरची दोन पानं मिळून पाच रकाने आखा. काय जातं? कुठे जातं? मधे किती वेळ जातो? पुढचा जन्म कोण ठरवतं? आणि हे थांबतं का, थांबावं असं वाटतं का? प्रत्येक परंपरेला एक आडवी ओळ.

मथळ्यांत आत्मा, कर्म, मोक्ष यातला एकही शब्द येऊ देऊ नका. हे शब्द आपल्या जिभेवर इतके रुळलेत, की ते माप म्हणून कधी वापरले गेले ते कळतही नाही. मथळा ‘आत्मा कुठे जातो?’ असा घातलात, की बौद्धांच्या ओळीत खोटं लिहिण्यावाचून गत्यंतर उरत नाही. माझ्या अनुवादकाचं नेमकं हेच झालं होतं. वाचताना ‘आत्मा’ दिसला की मी आता त्याला लाल गोल करते आणि मूळ शब्द काय होता ते शोधते. दहातल्या पाच-सहा वेळा तिथे भलतंच काहीतरी निघतं.

पहिला रकाना: काय जातं?

इथे घाई नको. माझी निम्मी वही याच रकान्याने खाल्ली. व्याख्या शोधत बसू नका, उपमा उतरवून घ्या. व्याख्या करताना सगळेच जपून बोलतात. उपमा देताना मनातलं निघून जातं.

गीतेतली उपमा बहुतेकांना पाठ असते: जीर्ण वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो, तसा देही जुनी शरीरं टाकून नवी घेतो. नेसणारा तोच, वस्त्र दुसरं. आता लेबनॉन-सीरियातल्या द्रूझ पंथाकडे वळा. अकराव्या शतकात इस्माइली इस्लाममधून तो निघाला. पुनर्जन्माला त्यांचा शब्द आहे ‘तकम्मुस’, आणि तो आला ‘कमीस’वरून. कमीस म्हणजे सदरा. आपल्या ‘कमीज’चंच माहेर. हे सापडलं तेव्हा मी हातातलं काम टाकून दोन फोन केले होते. पण एक उपमा जुळली म्हणून सगळी ओळ जुळत नाही. द्रूझांचा सदरा कायम माणसाचा असतो, तोही द्रूझ घरातल्याचाच, आणि जुना उतरला त्याच क्षणी नवा अंगात चढतो. गीतेच्या शेजारी त्यांना लिहिताना पहिला रकाना जवळपास सारखा भरला, आणि पुढचे सगळे वेगळे.

बृहदारण्यक उपनिषदात अळी आहे. गवताच्या पात्याच्या टोकाला पोचलेली अळी पुढचं पातं धरते आणि मग मागचं अंग ओढून घेते, तसं हे सगळं घडतं, असं याज्ञवल्क्य म्हणतो. अशी अळी मी नंतर मुद्दाम निरखून पाहिली. पुढचे पाय पक्के रोवल्याशिवाय ती मागचे सोडत नाही, आणि एक क्षण असा येतो की ती दोन्ही पात्यांवर असते. ही अळी लक्षात ठेवा, तिसऱ्या रकान्यात तिचं काम आहे.

जैनांची उपमा दिव्याची. तत्त्वार्थसूत्रात ती एका शब्दात आटपली आहे: ‘प्रदीपवत्’. दिवा मोठ्या खोलीत ठेवला की उजेड खोलीभर होतो, मडक्याखाली ठेवला की मडक्याएवढा. तसा जीव ज्या देहात शिरेल तेवढा होतो. हत्तीत हत्तीएवढा, मुंगीत मुंगीएवढा. जीव तोच आणि खराखुरा, आणि त्याला चिकटणारं कर्मही खरोखरीचं: धुळीसारखं सूक्ष्म द्रव्य. ‘कर्म’ हा शब्द इतरत्र वाचायची सवय असलेल्याला इथे ठेच लागते. जैनांच्या ओळीत ‘कर्म’ लिहिताना पुढे ‘द्रव्य’ एवढं जोडा.

आता तोच दिवा बौद्धांच्या हातात पाहा. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेनाला विचारतो: जो जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. राजाला हे पचत नाही. मग नागसेन त्यालाच विचारतो, पाळण्यातलं उताणं पडलेलं बाळ ते तूच का? राजा म्हणतो, नाही, ते वेगळं होतं, मी आता मोठा आहे. मग तुला आई नव्हती म्हण, गुरू नव्हता म्हण! राजा अडकतो. त्यावर दिव्याचा दाखला येतो: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग रात्रीत दोन दिवे होते का? तसंही नाही. पाठोपाठ दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. दूध म्हणजेच तूप म्हटलं तर चूक, आणि तूप दुसरीकडून आलं म्हटलं तरी चूक.

दिवा एकच, पण जैनांना त्याच्यात टिकून राहणारं काहीतरी दाखवायचंय आणि बौद्धांना टिकून राहणारं काही नाही हे दाखवायचंय. म्हणून नुसतं ‘दिवा’ लिहून थांबू नका, दिव्याचं काय चाललंय तेही लिहा.

बौद्ध ओळीत आणखी एक गोष्ट मी ठळक करून ठेवली आहे. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या अडतिसाव्या सुत्तात साती नावाचा भिक्खू आहे, कोळ्याचा मुलगा. त्याचं म्हणणं, विज्ञान, म्हणजे जाणीव, तीच ती जन्मोजन्मी फिरत राहते. बुद्ध त्याला सगळ्यांसमोर झापतात: अरे मूर्ख माणसा, असं मी कुणाला शिकवलं? मग सांगतात की आग जे जाळते त्याचं नाव तिला मिळतं. लाकडाची आग, गवताची आग, शेणाची आग. जाणीवही तशीच, ज्या कारणाने उठते त्या नावाची. माझ्या अनुवादकाने आणि मी मिळून साती भिक्खूचीच चूक पुन्हा केली होती. फरक एवढाच की आमची हजार प्रतींत छापली गेली.

आणि काही ठिकाणी जाणारी गोष्ट ‘आतलं काहीतरी’ अशी नसतेच. उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूट लोकांत अनेक ठिकाणी नाव परत येतं. मेलेल्या आजोबांचं नाव बाळाला दिलं की आजोबांचं काहीतरी त्याच्यात येतं, आणि मग त्या बाळाची आई त्यालाच ‘बाबा’ म्हणून हाक मारू शकते. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत बाबाटुंडे नावाचा अर्थ ‘वडील परत आले’ आणि येटुंडेचा ‘आई परत आली’. तरीही तेच पूर्वज तिकडे पूर्वज म्हणून शाबूत असतात, त्यांना हाका मारल्या जातात, मान दिला जातो. मी सुरुवातीला या ओळीपुढे ‘विसंगत’ असा शेरा मारला होता. विसंगती माझ्या रकान्यात होती: एक वस्तू एका वेळी एकाच जागी असते असं मी धरून चालले होते. शेरा खोडला.

कुठे, आणि किती वेळाने

हे दोन रकाने भराभर भरतात. प्राण्यांत जन्म चालतो का, हा पहिला प्रश्न. पायथागोरसच्या शिकवणीत चालतो, आणि त्याची टर उडवणाऱ्या झेनोफनीस या ग्रीक कवीच्या चार ओळी शिल्लक आहेत: पायथागोरस रस्त्याने जात असताना कुणी कुत्र्याच्या पिल्लाला मारत होतं, तो म्हणाला, थांब, हा माझ्या मित्राचा जीव आहे, केकाटण्यावरून ओळखला. पुनर्जन्माच्या ग्रीक साक्षींतली ही अगदी जुनी साक्ष, आणि ती थट्टा आहे याचं मला फार बरं वाटतं. फ्रान्समधल्या अॅलन कार्डेकच्या स्पिरिटिझम या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या पंथात (1857पासून) मागे जाणं नाहीच; माणूस झाल्यावर पुन्हा जनावर नाही.

वेळेच्या रकान्यात अळी काढा. तिच्या उपमेत मधला काळ नाही. श्रीलंका-म्यानमारकडची थेरवादी बौद्ध परंपराही मधली अवस्था नाकारते, पण वसुबंधू या बौद्ध आचार्यांच्या अभिधर्मकोशात ती आहे आणि तिबेटी परंपरेत ती जास्तीत जास्त 49 दिवसांची धरतात. म्हणजे ‘बौद्ध’ अशी एक ओळ पुरत नाही, निदान तीन लागतात. जैनांकडे एका जन्मातून दुसऱ्यात जायला काही समय पुरतात, आणि समय म्हणजे काळाचा असा कण की ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत. उलट प्लेटोकडे हिशोब हजार-हजार वर्षांचा.

चौऱ्यांशी लाख हा आकडा दिसला की एकक तपासा. आपल्याकडे आणि शिखांकडे त्या योनी असतात. बुद्धांच्याच काळातल्या आजीवक पंथाच्या मक्खली गोसालाकडे चौऱ्यांशी लाख महाकल्प, म्हणजे काळ. मुद्रितात मी हे दोन्ही एकाच परिच्छेदात गुंडाळलेले पाहिले आहेत.

कोण ठरवतं?

बृहदारण्यकात एक प्रसंग आहे. भर सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, माणूस मेल्यावर वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात. मग तो माणूस कुठे असतो? याज्ञवल्क्य म्हणतो, हात दे बाळा, हे आपण दोघांनीच जाणायचं, लोकांत बोलायचं नाही. दोघं बाजूला जातात. काय बोलले? कर्माबद्दल बोलले, एवढंच ग्रंथ सांगतो: पुण्याने पुण्यवान होतो, पापाने पापी. आज जे उठता-बसता बोललं जातं, ते एकदा सभेतून उठून कानात सांगायची गोष्ट होती. या रकान्यात तारखांचा क्रम लावून ठेवा. ऋग्वेदात ही मांडणी स्पष्टपणे सापडत नाही, उपनिषदांत येते.

दुसऱ्या टोकाला प्लेटोची एरची कथा, ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागातली. लढाईत पडलेला एर बाराव्या दिवशी चितेवर उठून बसतो आणि पाहिलेलं सांगतो. जीवांपुढे चिठ्ठ्या टाकल्या जातात. ज्याची चिठ्ठी पहिली, त्याने पहिल्यांदा आयुष्य निवडायचं. जमिनीवर आयुष्यं मांडून ठेवली आहेत, जीवांपेक्षा कितीतरी जास्त. पहिला नंबर लागलेला धावत जाऊन हुकूमशहाचं आयुष्य उचलतो आणि मग वाचतो की त्यात स्वतःची मुलं खाणं लिहिलं आहे. गंमत म्हणजे तो स्वर्गातून आलेला असतो. चांगल्या राज्यात राहून सवयीने चांगला वागलेला. ओडिसियसचा नंबर शेवटी. तो बराच वेळ शोधतो आणि कोपऱ्यात पडलेलं, कुणीच न उचललेलं एका साध्या खासगी माणसाचं आयुष्य घेतो. म्हणतो, पहिला नंबर असता तरी हेच घेतलं असतं. या रकान्यात मी ‘चिठ्ठी + निवड’ लिहिलं आहे. याला कर्म म्हणायचा मोह होईल. आवरा. मागच्या आयुष्याचा निवडीवर परिणाम होतो खरा, पण निकाल लागत नाही, माणूस स्वतः उचलतो.

गोसालाकडे निवडही नाही आणि कर्मही नाही. सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत उलगडत जातो; शहाणा आणि मूर्ख दोघेही आपापला गुंडा उलगडून झाल्यावरच सुटणार. गुरू नानकांच्या जपजीत स्वतः पेरलेलं स्वतः खाणं आणि हुकमाने येणं-जाणं ही दोन्ही एकाच ओळीत आहेत. रकान्यात दोन्ही लिहा, एक गाळू नका. योरुबांच्या ओळीत मी रेघ मारली आहे. तिथे आजोबा परत येतात ते घरच्यांत राहायला. शिक्षा भोगायला नाही.

थांबावं असं वाटतं का?

भारतीय परंपरा म्हटलं की ‘सुटका हवी’ असं आपण डोळे मिटून लिहितो. दक्षिण इटलीत थुरी इथल्या थडग्यांत सापडलेल्या सोन्याच्या पातळ पत्र्यांपैकी एकावरही मेलेला जीव म्हणतो की दुःखाच्या चक्रातून मी उडून बाहेर पडलो. इथवर ठीक. पण मग तुकाराम येतात: मुक्ती नको, संपदा नको, संतसंग दे, आणि मग ‘गर्भवासी सुखे घालावे आम्हासी’. तोच जन्म-मृत्यूचा फेरा, पण आता तो स्वतःहून मागून घेतलेला. भक्तीच्या ओळीत या रकान्यात ‘नको’ लिहावं लागलं, तेव्हा मी मथळ्यातच ‘थांबावं असं वाटतं का?’ हा भाग वाढवला. आधी नुसतं ‘कसं थांबतं?’ होतं.

कब्बाल या ज्यू गूढपरंपरेत पुनर्जन्माला ‘गिलगुल’ म्हणतात, फिरणं. सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या साफेद नावाच्या गावी इसाक लुरियाच्या शिष्यांनी त्याची सविस्तर मांडणी केली: अपुरी राहिलेली दुरुस्ती करायला जीव परत येतो. पण दहाव्या शतकातल्या सादिया गाओन या ज्यू धर्मपंडिताने ही कल्पना खुळचटपणा म्हणून उडवून लावली होती. ‘ज्यू धर्म मानतो’ आणि ‘ज्यू धर्म मानत नाही’ ही दोन्ही वाक्यं खोडण्यालायक आहेत. कोण, कधी, ते लिहा.

बाहेरच्याची साक्ष पेन्सिलीने

परंपरेतल्या माणसाने सांगितलेलं मी शाईने लिहिते, परक्याने सांगितलेलं पेन्सिलीने. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणतो की जीव मेल्यावर सगळ्या प्राण्यांतून फिरून 3000 वर्षांनी परत माणसात येतो, असं इजिप्शियन लोक म्हणतात. इजिप्तच्या स्वतःच्या ग्रंथांत असं चक्र नाही. मृताला ससाण्याचं किंवा पाकोळीचं रूप घेता यावं म्हणून मंत्र आहेत. ती परलोकातली मुभा, इथला पुढचा जन्म नाही. रोमन सेनानी सीझर ड्रुइडांबद्दल, म्हणजे केल्ट लोकांच्या पुरोहितांबद्दल, सांगतो की जीव एकाकडून दुसऱ्याकडे जातो असं ते शिकवतात आणि त्यामुळे लढवय्ये मरणाला भीत नाहीत. ड्रुइडांचं स्वतःचं लिखाण नाही, तेव्हा पेन्सिलच. गोसालाचा गुंडासुद्धा विरोधकांच्या ग्रंथातून आलाय. सगळ्याच परक्या साक्षी कच्च्या नसतात; अकराव्या शतकातला मुस्लीम विद्वान अल्-बिरूनी संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला. त्याने लिहिलं की इस्लामला जसा कलमा, ज्यूंना शब्बाथ, तशी हिंदूंची ओळखखूण म्हणजे पुनर्जन्म. त्याला मी पेन्सिलीवरून फिकट शाईत आणलं आहे.

एक वाक्य मात्र दिसताक्षणी काट मारण्याजोगं: ‘553 साली चर्चने बायबलमधून पुनर्जन्म काढून टाकला.’ कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या काळात निषेध झाला तो जीव देहाआधीपासून असतात या, ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताच्या नावावर चालणाऱ्या मताचा. ओरिजेनने स्वतः मत्तयच्या शुभवर्तमानावरच्या भाष्यात एका देहातून दुसऱ्या देहात जाणं नाकारलं आहे. आणि नव्या कराराची संपूर्ण हस्तलिखित प्रत चौथ्या शतकातली, म्हणजे त्या परिषदेच्या दोनशे वर्षं आधीची, आज आपल्यापुढे आहे. तिच्यातही गाळलेला मजकूर सापडत नाही.

ग्रंथ आणि माणसं

शेवटच्या पानांवर माणसांसाठी जागा सोडा. प्यू संशोधन केंद्राने 2021 मध्ये छापलेल्या, सुमारे 30,000 भारतीयांच्या पाहणीत कर्म मानणारे हिंदू 77 टक्के निघाले आणि मुस्लीमही 77 टक्केच. पुनर्जन्म मानणारे हिंदू मात्र 40 टक्के. म्हणजे पहिला आणि चौथा रकाना लोकांच्या डोक्यात सुटे असतात, ग्रंथात ते कितीही घट्ट बांधलेले असोत.

पूर्वजन्म आठवल्याच्या दाव्यांना वेगळी वही घाला. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इयन स्टीव्हन्सनने 1966 मध्ये वीस प्रकरणं छापली तेव्हा शीर्षकात ‘सुचवणारी’ हा शब्द ठेवला होता, ‘सिद्ध करणारी’ नाही. तो शब्द गाळून उल्लेख होतो तिथे काकपद, म्हणजे राहिलेला शब्द घालायची खूण, घालून परत बसवा. प्रत्येक प्रकरणात एकच विचारा: दोन्ही कुटुंबं भेटण्याआधी मुलाचं बोलणं कुणी लिहून ठेवलं होतं का?

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती दोन वर्षांनी निघाली. मी नवं वाक्य दिलं: ‘बुद्धांच्या मते जन्मामागून जन्म येतो, पण एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा त्यांनी मानला नाही.’ ओळ वाढली, परिच्छेद खाली सरकला आणि पानाच्या तळाशी एकटीच ओळ लोंबकळू लागली. अक्षरजुळणीवाल्याने विचारलं, ‘ताई, यातलं काही कमी होईल का?’ दोन वेळा वाचलं. काही कमी होण्याजोगं नव्हतं. वरच्या परिच्छेदातलं एक विशेषण काढलं तेव्हा पान बसलं. ‘देहातून’मधला ऊ तेवढा मी पुन्हा तपासला.